पिवळी रेघ आणि विजयदुर्गचा फॉरवर्ड

आज आधी एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड बाजूला ठेवूया. "१८६८ साली लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियम शोधला." अहो, १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर इंग्लंडमध्ये होता! विजयदुर्गावर तो आला तो २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला.

१८६८ची धावपळ दुसरीकडे होती. गुंटूरला जान्सेन आणि पटवर्धनांच्या जमखिंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल. हो, त्याच हर्शेल घराण्यातला, विल्यम हर्शेलचा नातू. वर ढग, हातात काही मिनिटं. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये त्याला लाल, नारिंगी आणि निळी अशा चमकदार रेघा दिसल्या. नारिंगी रेघ त्याने सोडियमची 'डी' मानली.

मला यात हर्शेलचा दोष वाटत नाही. सोडियमच्या दोन रेघा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरला, आणि ही नवी ५८७.६ला. तंबूत नेलेल्या यंत्रावर, घाईत, एवढासा फरक पकडणार कसा? त्यात आकड्यांचा गोंधळ होताच. किर्खोफने हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत सौर वर्णपटाचा सुंदर नकाशा केला होता, पण त्यावरचे आकडे त्याच्या स्वतःच्या यंत्राचे. काच बदलली, लोलकाचा कोन बदलला की रेघांमधली अंतरं बदलणार. तुमचे ५० म्हणजे माझे ५० नव्हेत.

लॉकियरने २० ऑक्टोबरला घरच्या दुर्बिणीला नवा स्पेक्ट्रोस्कोप लावून, ग्रहण नसताना या ज्वाळा पाहिल्या. आकाशाच्या उजेडातल्या सोडियमच्या काळ्या रेघा आणि ती चमकती पिवळी रेघ एकाच यंत्रात, शेजारीशेजारी! आता मोजपट्टीची गरजच नाही. जागा वेगळी हे नुसतं दिसतंच.

त्याच वर्षी अँगस्ट्रॉमने रेघांना तरंगलांबीचे आकडे दिले. कुठल्याही यंत्रावर तपासता येतील असे. गंमत बघा, त्याची मीटरपट्टीच किंचित चुकीची निघाली, म्हणून सगळा तक्ता नंतर सुधारावा लागला. १९०७मध्ये तर पट्टी सोडून कॅडमियमच्या लाल रेघेलाच प्रमाण मानलं: ६४३८.४६९६ अँगस्ट्रॉम.

त्याआधी १८९५मध्ये लंडनला रॅमसेला क्लीव्हाइट नावाच्या खनिजातून एक वायू मिळाला. त्याच्या वर्णपटात एक झगझगीत पिवळी रेघ होती. त्याने तो नळीत भरून विल्यम क्रुक्सकडे मोजायला पाठवला. क्रुक्सचा आकडा आला, आणि तो सूर्यावरच्या रेघेशी जुळला.