मेंदूच्या कर्करोगावरील एका औषधाचा इतिहास

शास्त्राचा इतिहास म्हटला की न्यूटन, पाश्चर, मादाम क्यूरी अशी थोर नावे डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या तरुणांनी गुरूंच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे काचनळ्या धुतल्या, मिश्रणे ढवळली आणि अनेक प्रयोग वाया गेल्यावरही पुढचा प्रयोग मांडला, त्यांची नावे पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतात. अशाच एका विद्यार्थ्याच्या हातून सुरू झालेल्या कार्याचा इतिहास आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीसाठी एखादा मुलगा वा मुलगी अर्ज करू लागली की वडीलधारी मंडळी विचारतात, "संशोधन करून पुढे काय?" या प्रश्नाचे एक उत्तर या इतिहासात मिळेल, असे आम्हांस वाटते.

प्रथम रोगाविषयी थोडे सांगावयास हवे. प्रौढ माणसाच्या मेंदूत उद्भवणाऱ्या कर्करोगांत ग्लायोब्लास्टोमा हा अत्यंत घातक प्रकार होय. त्याचे तंतू निरोगी मेंदूत असे शिरलेले असतात की शस्त्रवैद्य कितीही कुशल असला तरी गाठ समूळ काढता येत नाही. बरे, औषध द्यावे तर निसर्गाने मेंदूभोवती पहारा बसविलेला आहे. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती रक्तातील बहुतेक पदार्थांस आत येऊ देत नाहीत. विषापासून मेंदूचे रक्षण करणारा हा पहारेकरी औषधासही परत पाठवितो. त्यामुळे या रोगापुढे वैद्यकशास्त्र दीर्घकाळ हतबल होते.

इंग्लंडात बर्मिंगहॅम शहरी ॲस्टन विद्यापीठ आहे. तेथे १९७० नंतरच्या दशकात प्राध्यापक माल्कम स्टीव्हन्स औषधी रसायनशास्त्राचे अध्यापन व संशोधन करीत असत. नायट्रोजनचे अनेक अणू एकमेकांस जोडलेले असतील अशा चमत्कारिक संयुगांचे त्यांस विशेष आकर्षण होते. व्यवहारी माणसाने 'याचा उपयोग काय?' असे विचारावे, असाच हा विषय. या कामी पीएच.डी.साठी आलेला रॉबर्ट स्टोन हा विद्यार्थी लागला. इमिडाझोल वर्गातील एका नायट्रोजनबहुल पदार्थाचा आयसोसायनेट नावाच्या तिखट व घातक द्रव्यांशी संयोग घडविला असता दोन कड्या जोडलेले एक नवेच संयुग तयार झाले. त्याचा शोधनिबंध १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांमध्ये प्राध्यापकांच्या जोडीला या विद्यार्थ्याचेही नाव आहे, ही गोष्ट आमच्या तरुणांनी ध्यानी ठेवावी.

या संयुगास पुढे मिटोझोलोमाइड असे नाव मिळाले. त्याची परीक्षा करण्याच्या कामी डॅगनहॅम येथील मे अँड बेकर ही कंपनी सहभागी झाली. न्युमोनियावरील 'एम अँड बी ६९३' या गोळ्यांमुळे जुन्या पिढीस परिचित असलेली ती हीच कंपनी. उंदरांच्या अनेक प्रकारच्या गाठींवर औषधाने अपूर्व गुण दाखविला आणि सर्वांच्या आशा पल्लवित झाल्या. परंतु १९८३ पासून माणसांवर प्रयोग होऊ लागले तेव्हा रक्त गोठविणाऱ्या कणिका इतक्या घटू लागल्या की औषध सोडून द्यावे लागले. दुर्बळ मनाच्या माणसाने येथेच हात टेकले असते.

ॲस्टनच्या मंडळींनी मात्र त्याच घराण्यातील दुसरे भावंड पुढे आणले. पहिल्या औषधात क्लोरोएथिल नावाचा अणुसमूह होता. त्याच्या जागी लहानसा मिथाइल समूह बसविला आणि टेमोझोलोमाइड सिद्ध झाले. ते करण्यास मिथाइल आयसोसायनेट लागे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ येथे ज्या वायूने हजारो निरपराध माणसांचा बळी घेतला, ते हेच द्रव्य. तेच एके ठिकाणी निष्काळजीपणाने मृत्यू पसरविते आणि दुसऱ्या ठिकाणी जाणत्या हाती औषधास जन्म देते. शास्त्रास विवेकाची जोड का हवी, हे यावरून उमजावे.

या औषधाची करणी मोठी मनोज्ञ आहे. जठराच्या आम्लात ते टिकून राहते, म्हणून कॅप्सूल तोंडाने घेता येते. रक्तात शिरल्यावर मात्र ते आपोआप फुटू लागते. त्याचा रेणू लहान असल्याने पहारेकऱ्याची नजर चुकवून तो मेंदूत पोहोचतो आणि कर्कपेशीच्या आनुवंशिक द्रव्यावर मिथाइलची खूण उमटवितो. ती खूण पुसता न आल्यास पेशी मरते. काही रुग्णांच्या गाठीत ही खूण पुसणारे द्रव्य असते. तेथे औषधाचा प्रभाव कमी पडतो.

१९८७ साली लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात डॉ. एडवर्ड न्यूलँड्स यांनी रुग्णांवर पहिले प्रयोग आरंभिले. सगळी मात्रा एकदम दिली असता फारसा गुण येईना. तीच पाच दिवसांत विभागून दिली तेव्हा गाठी आकसू लागल्या. १९९९ साली युरोप व अमेरिका येथे औषधास मान्यता मिळाली. २००५ साली डॉ. स्टुप व त्यांचे सहकारी यांनी ५७३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनंतर शेकडा १०.४ हयात होते. किरणांसह हे औषध घेतलेल्यांपैकी शेकडा २६.५. मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले.

अवघे अडीच महिने! असे कोणी म्हणेल, आणि ज्यांच्या घरात हा रोग शिरला आहे त्यांची खोटी समजूत आम्ही घालू इच्छीत नाही. हे औषध रोगाचा समूळ नाश करीत नाही. परंतु आजारी बापास मुलीचे लग्न पाहता येणे वा आईस मुलाचा निकाल ऐकता येणे यांचे मोल महिन्यांत मोजावयाचे नसते. शिवाय शेकडा दहा आणि शेकडा सव्वीस यांत जो फरक आहे, तो म्हणजे जिवंत माणसेच होत. उरलेली वाट पुढील पिढीने चालावयाची आहे.

आपल्या ज्ञातीत वकील, डॉक्टर, इंजिनियर झाले, यांचा आम्हांस अभिमान आहे. परंतु डॉक्टर जे औषध लिहून देतो ते आधी कोणीतरी प्रयोगशाळेत उभे राहून घडविलेले असते. त्यास पगार उशिरा मिळतो, कीर्ती बहुधा मिळत नाही, आणि पहिल्या प्रयोगापासून रुग्णाच्या हाती औषध पडेपर्यंत वीस-वीस वर्षे लोटतात. अशा विद्यार्थ्यास घरच्यांनी 'अजून किती शिकणार?' असे टोचून बोलू नये, आणि मंडळाच्या फंडातून संशोधनासाठीही काही रक्कम राखून ठेवावी, एवढीच आमची नम्र सूचना आहे. ज्ञातिबंधुभगिनी तिचा विचार करतील, अशी आशा बाळगून आम्ही येथे लेखणी खाली ठेवतो.