शेताच्या तारेत करंट सोडताय? झटका मशीन आणि लाइनचा करंट यात फरक काय

रानडुक्कर आणि रोह्यांनी पीक साफ केलं की शेतकरी तारेकडे वळतो. त्यात चूक काही नाही, पण तारेत काय सोडलंय त्यावर सगळं ठरतं.

आकडा टाकून घेतलेली लाइन 230 व्होल्टची असते आणि ती सलग वाहते. स्नायू आखडतात, तारेला चिकटलेला जीव सुटत नाही. जमीन ओली असेल तर विचारूच नका. एप्रिल 2017 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात श्रीनिवास नावाचा वाघ अशाच तारेने मेला. उमरेड-करांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’चा हा बछडा. तार लावली होती डुकरांसाठी! कृषिपंपाची वीज बऱ्याचदा रात्री येते, त्यामुळे अंधारात पाणी द्यायला निघालेला शेजारी किंवा खुद्द मालकही याच तारेवर पडतो.

झटका मशीन 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालते. तारेत हजारो व्होल्ट येतात, पण सेकंदाला साधारण एकदा आणि तेही क्षणाच्या बारीक तुकड्यापुरते. मधल्या वेळात जनावर मागे सरतं, जिवंत राहतं. बॅटरी उतरली म्हणून तीच तार थेट लाइनला जोडली, की तिचा फास झाला. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर ठेवावी, अर्थिंग नीट करावं. गवत तारेला टेकलं की झटका मंदावतो, म्हणून धुरा साफ पाहिजे.

लाइनच्या तारेने वन्यप्राणी मेला तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा गुन्हा लागतो. वर 2003 च्या वीज कायद्याने चोरीचा. माणूस गेला तर पोलीस केस वेगळीच.

आता शेजाऱ्याचं बघा. एकाने कुंपण केलं की डुकरं तारेच्या कडेकडेने जाऊन उघड्या शेतात घुसतात. नुकसान थांबत नाही, फक्त गट नंबर बदलतो. जाळीचं कुंपण नाल्यावरून आडवं गेलं तर चितळांची पाण्याची वाट तुटते, मागे गावकुत्री लागली की ती जाळीतच अडकतात. पांदण अडली तर गुरं नेणाऱ्याला वळसा पडतो आणि मग भांडण तहसीलपर्यंत जातं. म्हणून जंगलाकडच्या बाजूने सगळ्यांनी मिळून सौर कुंपण करणं आणि नाला, पांदण मोकळी सोडणं जास्त कामाचं. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे. चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करा. पीक खाल्लं असेल तर फोटो काढा, नांगर फिरवण्याआधी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या.