कापूस आणि पदकं
अमेरिकेत टेक्सासमधल्या ग्रीनव्हिल गावी ऑडी मर्फी अमेरिकन कॉटन म्युझियम आहे. कापूस आणि सैनिक एकाच संग्रहालयात कसे, असा प्रश्न आपल्याला पडेल. एली व्हिटनीच्या यंत्रामुळे (पेटंट १७९४) सरकी काढणं सोपं झालं. वेचणी मात्र त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं हातांनीच होत राहिली. त्यात मुलांचेही हात होते. बटाईनं शेती करणाऱ्या कुटुंबातला ऑडी पाचवीत शाळा सोडून कापूस वेचू लागला. १९४२ मध्ये वय वाढवून सांगून तो सैन्यात गेला. १९४५ मध्ये फ्रान्समधल्या लढाईबद्दल त्याला देशाचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. पदकाची नोंद इतिहासात होते. सुटलेल्या शाळेची होत नाही. वेचणीच्या दिवसांत आपल्या वर्गातून कोण गैरहजर असतं, तेवढं आपण हजेरीपटात पाहू या.