परोपजीवीचा अंगरखा

रोनाल्ड रॉस म्हटलं की मलेरियाचा डास आठवतो. मला मात्र त्याने १९१० साली डेव्हिड थॉमसनबरोबर केलेलं काम जास्त आवडतं. आफ्रिकेतून निद्रारोग घेऊन आलेल्या एका रुग्णाच्या रक्तातले परोपजीवी दोघांनी रोज मोजले. आकडा चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. असं का?

उत्तर कळायला कित्येक दशकं गेली. हा ट्रायपॅनोसोमा अंगावर एकाच प्रथिनाचा दाट अंगरखा घालतो. जॉर्ज क्रॉसने १९७५मध्ये ही प्रथिनं वेगळी काढून दाखवली. आपलं शरीर ओळख पटवून हल्ला करेपर्यंत काहींनी अंगरखा बदललेला असतो! अशा अंगरख्यांचे हजाराहून जास्त जीन (बरेचसे मोडके) त्याच्याकडे आहेत, पण वाचला जातो एका वेळी एकच.

गंमत पुढेच आहे. हे वाचन होतं गुणसूत्रांच्या टोकांशी, पंधराएक जागांपैकी एकाच जागी. या जागांची डीएनएतली अक्षरं बरीचशी सारखीच, मग बाकीच्या गप्प का? २०१०मध्ये दिसलं की चालू जागेत डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती फारसा गुंडाळलेलाच नसतो. गप्प जागांत तो नीट गुंडाळलेला असतो. म्हणजे मजकूर तोच, फरक घडीचा.

म्हणूनच यावर लस नाही. आणि हे सगळं फक्त आफ्रिकेतलं नाही बरं का. जनावरांना 'सर्रा' देणारा याचाच भाऊबंद २००४मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सापडला होता. सुदैवाने तो औषधाने बरा झाला.