कंबरदुखी
बरगड्यांच्या खालच्या कडेपासून नितंबांपर्यंतच्या पाठीतील वेदना. २०२० मध्ये जगभरात सुमारे ६१.९ कोटी लोकांना हा त्रास होता. बहुतेकांत नेमके एकच कारण सापडत नाही. एमआरआयमध्ये दिसणारी मणक्यांमधील चकतीची झीज ठणठणीत माणसांतही आढळते, त्यामुळे अहवाल वाचूनच धास्तावण्याचे कारण नाही.

नवे दुखणे बहुधा काही आठवड्यांत ओसरते. शेक घ्यावा, जमेल तेवढे हिंडते-फिरते राहावे. अंथरूण धरून पडणे उलट बाधते. जुनाट दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये व्यायाम, रुग्णशिक्षण, मानसोपचार सुचवले. मोठ्या भरवशाने बांधला जाणारा कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कण्याला ताण देण्याचा उपचार) मात्र नित्याच्या उपचारांतून वगळले.

व्यायामाचाच एक प्रकार असलेल्या योगासनांत पुण्याचा वाटा लक्षणीय आहे. १९३७ मध्ये तेथे आलेल्या बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी भिंतीवरचे दोर, खुर्च्या, लाकडी ठोकळे, घड्या घातलेली ब्लँकेटे यांच्या आधाराने ताठरलेल्या शरीरालाही आसने साधतील अशी पद्धत घडवली. १९७५ मध्ये त्यांच्या पत्नीच्या नावाने रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था तेथेच सुरू झाली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत या पद्धतीच्या १६ आठवड्यांच्या सरावाने जुनाट कंबरदुखी आणि तिच्यामुळे येणारी असमर्थता कमी झाली. चाचणी लहान होती, हेही ध्यानात घ्यावे.

लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा किंवा पायातली ताकद जाणे ही लक्षणे दिसल्यास आसने नव्हे, तातडीने रुग्णालय गाठावे.