गाडी वळत नाही की ड्रायव्हर चुकतोय? घरी बनवलेला स्टिअरिंग अँगल सेन्सर नेमकं काय सांगतो?

ट्रॅकवर चार लॅप मारून ड्रायव्हर पिटमध्ये येतो आणि वैतागून म्हणतो, "तिसऱ्या वळणावर गाडी वळतच नाही!"

आता टीमने काय करायचं? टायरमधली हवा बदलायची, सस्पेन्शन बदलायचं, की ड्रायव्हरलाच सांगायचं, "बाबा रे, तू वळणात जरा जास्तच जोरात घुसतोयस"?

जीपीएस लॉगरमधून गाडीचा वेग आणि मार्ग कळतो. पण त्या क्षणी ड्रायव्हरच्या हातांनी काय केलं, ते त्यात दिसत नाही. त्यासाठी लागतो स्टिअरिंग अँगल सेन्सर. स्टिअरिंग किती अंश फिरलं, एवढंच तो मोजतो. तो घरीही बनवता येतो आणि त्याचे सुटे भाग महागही नसतात. पण तो बसतो थेट स्टिअरिंगवर. म्हणून त्याच्या बाबतीत अचूकतेच्या आधी सुरक्षितता येते.

गाडीत तो आधीच असतो का?

बऱ्याच नव्या गाड्यांत असतो. घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीज-बेंझच्या एस ६०० कूपेमध्ये आली. ड्रायव्हरला कुठे जायचंय आणि गाडी कुठे चाललीय, यातला फरक ही यंत्रणा सतत तपासते. त्यासाठी तिला स्टिअरिंगचा कोन कळावाच लागतो. तुमच्या गाडीत ईएसपी किंवा ईएससी असेल, तर हा आकडा गाडीच्या कॅन बसवर, म्हणजे अंतर्गत डेटा वाहिनीवर, आधीच फिरत असतो. आधी तो वाचता येतो का ते पाहायचं.

घरगुती सेन्सरची गरज पडते ती जुन्या गाड्यांना, नाहीतर शून्यापासून बांधलेल्या रेसकारना. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या 'फॉर्म्युला भारत'मध्ये इंजिनिअरिंगचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या रेसकार उतरवतात. महाराष्ट्रातल्या कॉलेजांच्या टीमही त्यात असतात. अशा गाड्यांत काय मोजायचं, हे टीमलाच ठरवावं लागतं.

सेन्सर काम कसं करतो?

जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण आठवा. त्याच्या मागे असतो पोटेन्शिओमीटर. त्याला तीन टोकं असतात. बाहेरच्या दोन टोकांना ५ व्होल्ट आणि शून्य व्होल्ट दिलं, की दांडा फिरेल तसं मधल्या टोकावरचं व्होल्टेज बदलतं. लॉगर तेच नोंदवतो.

पण रेडिओतला पोटेन्शिओमीटर एक फेराही पूर्ण फिरत नाही. रस्त्यावरच्या गाडीचं स्टिअरिंग मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन फेरे घेतं. म्हणून इथे १० फेऱ्यांचा पोटेन्शिओमीटर लागतो.

स्टिअरिंग कॉलमवर ४० दात्यांची पुली, पोटेन्शिओमीटरवर २० दात्यांची पुली आणि मध्ये दातेरी पट्टा, अशी जोडणी करता येते. कॉलम न काढता बसावी म्हणून मोठी पुली दोन अर्ध्या भागांत थ्रीडी प्रिंट करून नटबोल्टने आवळतात. पट्टाही उघडा घेऊन कॉलमभोवती गुंडाळल्यावर जोडतात.

आता हिशोब बघा. स्टिअरिंगचा एक फेरा म्हणजे पोटेन्शिओमीटरचे दोन फेरे, म्हणजे बरोबर १ व्होल्ट. स्टिअरिंग सरळ असताना २.५ व्होल्ट ठेवलं, तर एका टोकाला १ आणि दुसऱ्या टोकाला ४ व्होल्ट येतं. १२ बिटच्या लॉगरवर ही मोजणी अर्ध्या अंशापेक्षाही बारीक होते. बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल, तर पोटेन्शिओमीटरलाही ३.३ व्होल्टच द्यायचं, नाहीतर बोर्ड जळू शकतो.

धोका नेमका कुठे?

सेन्सर बंद पडला तर एका दिवसाचा डेटा जातो. सेन्सरमुळे स्टिअरिंग अडकलं तर गाडी सरळ भिंतीकडे जाते.

म्हणून गिअरला गिअर जोडण्यापेक्षा पट्टा बरा. दात्यांत खडा अडकला तर गिअर जाम होऊ शकतात. बारीक पट्टा मात्र दाते सोडून घसरतो किंवा तुटतो. जोडणीतला सगळ्यात कमजोर भाग कायम सेन्सरच्या बाजूला असला पाहिजे, म्हणजे जोर लावल्यावर सेन्सर मोडेल पण स्टिअरिंग फिरेल.

दुसरी गोष्ट, पोटेन्शिओमीटरचे १० फेरे संपले की त्याचा दांडा अडतो. वरच्या मांडणीत ६ फेरेच वापरले जातात, त्यामुळे दोन्ही बाजूंना दोन-दोन फेरे शिल्लक राहतात. पण सुरुवातीला पोटेन्शिओमीटर बरोबर मध्यावर ठेवलेला नसेल, तर ही सूट उरत नाही.

तिसरी गोष्ट, एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंग व्हीलमागच्या वायरिंगला हात लावायचा नाही. धडकेत कॉलम आत दबावा म्हणून ठेवलेली जागाही ब्रॅकेटने अडवायची नाही. आणि कॉलमला भोक पाडायचं किंवा वेल्डिंग करायचं तर नावच काढू नका.

शून्य कुठे धरायचं?

व्हील डोळ्यांना सरळ दिसतं तिथे नाही. सपाट, सरळ रस्त्यावर गाडी हळू चालवायची आणि ती सरळ जात असताना येणारा आकडा शून्य धरायचा. मग जागेवर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून आकडे तपासायचे. व्होल्टेज १ ते ४ च्या बाहेर गेलं, तर वायर तुटली किंवा पट्टा घसरला असं समजायचं.

आता तिसऱ्या वळणाचं काय?

समजा, वळणाची त्रिज्या ६० मीटर आहे आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर आहे. टायर अजिबात घसरत नसतील, तर पुढची चाकं साधारण २.३ अंश वळायला हवीत. स्टिअरिंग रेशो १५ असेल, तर स्टिअरिंग व्हील अंदाजे ३४ अंश.

ड्रायव्हरने हळूहळू ६० अंशांपर्यंत नेलं आणि तरी गाडी त्याच रेषेवर राहिली, तर पुढचे टायर घसरतायत. याला म्हणतात अंडरस्टिअर. म्हणजे ड्रायव्हरची तक्रार खरी आहे आणि काम गाडीवर करायचंय.

आलेखात वळणाच्या तोंडाशीच एकदम उंच सुळका दिसला, तर ड्रायव्हरने स्टिअरिंग झटक्यात फिरवून टायरची पकड घालवली असण्याची शक्यता जास्त. मग सस्पेन्शनला हात लावायच्या आधी पुढच्या लॅपला हात सावकाश फिरवून बघायचा.

आणि स्टिअरिंग ३४ पेक्षा खूप कमी किंवा चक्क उलट्या बाजूला गेलेलं दिसलं, तर मागची चाकं सुटतायत. तो ओव्हरस्टिअर.

ड्रायव्हरची तक्रार तिन्ही वेळा एकच असू शकते, पण उपाय तीन वेगळे आहेत. सेन्सर नसेल, तर टीम त्यातला एक अंदाजाने निवडते.

ट्रॅकवर उतरण्याआधीची शेवटची तपासणी मात्र लॅपटॉपवर होत नाही. गाडी जॅकवर उचलायची, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत दहा वेळा फिरवायचं आणि हाताला कुठे अडखळल्यासारखं वाटतं का ते बघायचं. एकदा जरी अडखळलं, तरी त्या दिवशी सेन्सर काढून ठेवायचा.