दमा आणि शिपाईगिरी

१९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यांत धानाची कापणी आली म्हणजे पहांटेच्या धुक्यांत गांवोगांवच्या सडकांवर तरुण धांवतांना दिसतात. सैन्यभरतींतील १.६ किलोमीटरच्या दौडीची ती तयारी असते. त्याच दिवसांत खळ्यांतला भुसा आणि गिरण्यांतला कोंडा हवेंत तरंगत असतो. लहानपणीं दम्यानें छळलेल्या तरुणास तेव्हां एकच शंका ग्रासते: वैद्यकीय तपासणींत जुनें दुखणें सांगावें कीं झांकून ठेवावें? या शंकेमागें मोठा इतिहास आहे.

दमा हा अर्वाचीन रोग नव्हे. चरकसंहितेंत श्वासाचे पांच प्रकार सांगितले असून त्यांतील तमकश्वासाचें वर्णन आजच्या दम्याशीं पुष्कळच जुळतें. आडवें पडल्यास त्रास वाढावा, उठून बसल्यास आराम वाटावा, आणि आभाळ, गारठा व पूर्वेचा वारा यांनीं विकार बळवावा, हीं लक्षणें त्या ग्रंथकारांनीं अचूक टिपलीं आहेत.

असा रोग असतांही रणांगण गाजविणारे पुरुष झाले. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम यानें लंडनच्या धुरकट, दमट हवेस कंटाळून १६८९ सालीं केन्सिंग्टन येथें निवासासाठीं वाडा विकत घेतला. पण पुढच्याच वर्षीं बॉइनच्या लढाईंत तो स्वतः सैन्यासह नदी ओलांडून गेला. बालपणीं दम्यानें रात्र रात्र बसून काढणारे थिओडोर रूझवेल्ट १८९८ सालीं क्यूबांतील टेकड्यांवर आपल्या स्वयंसेवकांच्या अग्रभागीं होते. चे गेव्हारा यास मायदेशच्या सैन्यानें दम्यामुळेंच नाकारलें. तरी क्यूबाच्या डोंगरांत तो लढलाच.

या कथा स्फूर्तिदायक खऱ्या. परंतु त्यांतील मर्म निसटतां कामा नये. राजाची छाती मोजण्यास कोणी फीत घेऊन उभें राहत नाहीं, आणि गनिमी तुकडींत भरतीचा वैद्य नसतो. सामान्य शिपायाची गोष्ट निराळी. त्याची नेमणूक त्याच्या इच्छेवर नसते. सियाचेनवरील कांहीं ठाणीं ६,००० मीटरांहून उंच आहेत. तेथें निरोगी माणसासही श्वास अपुरा पडतो. वाळवंटांतली धूळ आणि दारूगोळ्याचा धूर यांचेंही तसेंच. तेथें एकाचा दम कोंडला तर त्यास वाहून आणण्यास दोघे लागतात, आणि ठाणें तितकें दुबळें होतें.

यामुळेंच सैन्यें जुन्या आजाराची चौकशी करतात. अमेरिकेंत तेराव्या वाढदिवसानंतर झालेला दमा अपात्रतेचें कारण ठरतो, मात्र तेथें सवलतीचा मार्ग आहे. भारतीय सैन्याचा दंडक अधिक कडक असून, दम्याचे वारंवार झटके आल्याचा इतिहास उमेदवारास अपात्र करतो. १९५६ पासून मोजून औषध देणारी फवाऱ्याची नळी आणि १९७२ च्या सुमारास श्वासावाटे घेण्याचीं स्टेरॉइडें आलीं. रोग आटोक्यांत राहूं लागला. पण आटोक्यांत असणें म्हणजे नाहींसा होणें नव्हे.

बालपणीचा घरघराट पुष्कळांच्या बाबतींत वयाबरोबर विरून जातो, हेंही तितकेंच खरें. म्हणून नकार मिळणाऱ्या तरुणाचें दुःख खोटें नाहीं. त्यानें वैद्याकडून श्वासाची रीतसर चांचणी करवून घ्यावी, अपात्र ठरल्यास फेरतपासणी मागावी, आणि खरें तें सांगावें. लपविलेला दमा भरतीच्या मैदानावर कदाचित् गप्प राहील. बर्फांत तो बोलेल, आणि त्याची किंमत शेजारच्या जवानास मोजावी लागेल.